अतिसूक्ष्म पापुद्र्यांतून उष्णतेचा प्रवास

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत, चांदे नांवाचें गांव आहे. या बाजूच्या जुन्या वळणाच्या घरांच्या भिंती मातीच्या आणि चांगल्या जाडजूड असत. दीड फूट रुंदीची अशी भिंत वैशाखांतील ऊन दिवसभर अंगावर घेते; परंतु त्या उन्हाची धग आंतल्या अंगास पोंचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते, आणि तोंवर तिचा जोरहि ओसरलेला असतो. उलट, डोक्यावर लोखंडी पत्र्याचें छप्पर असलें, तर सकाळीं दहाच्या आंतच खालीं बसवत नाहीं. जाड वस्तु उष्णतेला थोपवून धरते आणि पातळ वस्तु तिला मोकळी वाट देते, हा धडा अनुभवानें सर्वांना पाठ झालेला आहे. पदार्थविज्ञानाचें पुस्तकहि याहून निराळें कांहीं सांगत नाहीं.

मात्र या धड्याला एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा ज्यांच्या रोज आड येते, अशीं यंत्रें चांद्यापासून फार दूर नाहींत. कांहीं मैलांवरच हिंजवडीची संगणकनगरी उभी आहे. तेथल्या कचेऱ्यांतून हजारों संगणक अहोरात्र चालत असतात. अशा प्रत्येक संगणकाच्या पोटांत नखाएवढी सिलिकॉनची एक चकती असते. तिला चिप म्हणतात. त्या चिपेवर ट्रान्झिस्टर नांवाचीं विजेचीं बटणें अब्जावधि संख्येनें कोरलेलीं असतात, आणि त्या बटणांचे कांहीं भाग इतके पातळ असतात, कीं त्यांच्या शेजारीं पतंगाचा कागद हीच मातीची भिंत ठरावी. इतक्या पातळ थरांतून उष्णता झपाट्यानें निघून जात असेल, अशी कोणाचीहि अपेक्षा होईल. प्रत्यक्षांत घडतें तें उलट. थर जसजसा पातळ होत जातो, तसतशी त्या पदार्थाची उष्णता वाहून नेण्याची ताकदच घटत जाते. हें असें कां व्हावें, आणि त्याची चिंता यंत्रज्ञांना कां वाटावी, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम या सृष्टींतील मापाची ओळख करून घेतली पाहिजे. मिलिमीटर म्हणजे मोजपट्टीवरील सर्वांत बारीक रेघांमधील अंतर. त्याचे दहा लाख समान भाग केले, तर एकेक भाग एक नॅनोमीटर होतो. माणसाचा केस साधारणतः ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. सिलिकॉनचा दहा नॅनोमीटर जाडीचा थर म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या केलेल्या चाळीसएक अणूंची रांग. आजच्या ट्रान्झिस्टरांतील सिलिकॉनचे पडदे याहूनहि पातळ असूं शकतात.

आतां उष्णतेकडे वळावें. उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागीं तीन रीतींनीं जाते. चुलीवरच्या कढईंत ठेवलेल्या उलथन्याची मूठ कांहीं वेळानें हातांत धरवत नाहीं, हें वहन. पातेल्यांतील तळचें पाणी तापून वर येतें आणि वरचें गार पाणी खालीं जातें, हें अभिसरण. शेकोटीपुढें बसलें असतां तोंडावर धग येते आणि पाठ गारठलेलीच राहते, हें प्रारण. प्रारणाला मधल्या माध्यमाची जरुरी नसते. सूर्याची उष्णता अशीच निर्वात अवकाशांतून पृथ्वीवर येते. घन पदार्थांत उष्णता पहिल्या रीतीनें जाते, असें शाळेंत शिकविलें जातें, आणि व्यवहारापुरतें तें खरेंहि आहे.

या वहनाचा हिशेब फ्रान्समधील गणिती जोसेफ फूरिये यांनीं १८२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडला. त्यांचा नियम साधा आहे. भिंतीच्या दोन बाजूंच्या उष्णतामानांत जितका अधिक फरक, तितका उष्णतेचा ओघ मोठा. आणि भिंत जितकी जाड, तितका तो ओघ लहान. भिंतीची जाडी निम्मी केली, कीं ओघ दुप्पट व्हावयाचा. यांत पदार्थाचा गुणधर्म म्हणून एकच आंकडा येतो, तो म्हणजे त्याची वाहकता. एका रूढ मापानें तांब्याची वाहकता सुमारें ४००, सिलिकॉनची सुमारें १५०, हिऱ्याची २००० च्या घरांत, आणि कांचेची अवघी दीडच्या आसपास आहे. वस्तु लहान असो कीं मोठी, तिचा हा आंकडा बदलत नाहीं, असें फूरिये यांच्या नियमांत गृहीत धरलेलें आहे. बाष्पयंत्रांपासून आगगाडीच्या एंजिनांपर्यंत सर्व कारखानदारी या गृहीतावर निर्धास्तपणें चालली, आणि अजूनहि चालते.

परंतु वाहकता ही कांहीं पदार्थावर मारलेली मोहोर नव्हे. पदार्थाच्या आंत कोणी तरी उष्णता उचलून नेत असतो, आणि त्याच्या धांवण्यावर ती अवलंबून असते. तांब्यासारख्या धातूंत हें काम मुख्यतः मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन करतात. म्हणूनच विजेचे उत्तम वाहक बहुधा उष्णतेचेहि उत्तम वाहक असतात. सिलिकॉनमध्यें मोकळे इलेक्ट्रॉन फार थोडे. तेथें उष्णता वाहून नेतात ते अणूंचे कंप. स्फटिकांतील प्रत्येक अणु शेजारच्या अणूंशीं जणूं स्प्रिंगांनीं जोडलेला असतो. एक अणु हलला, कीं शेजारचा हलतो, त्याच्या शेजारचा हलतो, आणि कंपाची लाट स्फटिकांतून पुढें सरकते. हिरा तर विजेचा वाहक मुळींच नाहीं. तरीहि त्याचे अणु हलके आणि त्यांचे बंध ताठ असल्यामुळें त्यांतून उष्णता तांब्याहूनहि वेगानें जाते.

या लाटांचें गणित १९१२ सालीं पीटर डिबाय यांनीं घातलें, आणि १९२९ सालीं रुडॉल्फ पायर्ल्स यांनीं तें क्वांटम सिद्धांताच्या पायावर उभें केलें. जशी प्रकाशाची लाट ही एका दृष्टीनें प्रकाशकणांचा प्रवाह असते, तशी ही कंपाची लाटहि कणांच्या प्रवाहासारखी वागते. त्या कणास फोनॉन असें नांव पडलें. ध्वनि या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें घेतलेलें आहे, आणि तें यथार्थहि आहे. कारण ध्वनि म्हणजे तरी पदार्थांतून जाणारा कंपच होय. उष्णतेचा फोनॉन हा त्याच कुळांतला, फक्त त्याचा सूर माणसाच्या कानाला ऐकूं येणाऱ्या सुरांच्या अब्जावधिपट चढा.

फोनॉन सरळ रेषेंत फार काळ धांवूं शकत नाहीं. वाटेंत त्याची गांठ दुसऱ्या फोनॉनशीं पडते, किंवा स्फटिकांतील एखाद्या उपऱ्या अणूशीं त्याची टक्कर होते, आणि त्याची दिशा बदलते. दोन टकरींमध्यें तो जें अंतर काटतो, त्याला त्याची मुक्त धांव म्हणावें. नेहमींच्या उष्णतामानास सिलिकॉनमध्यें ही धांव सरासरीनें तीनएकशें नॅनोमीटर धरतात. परंतु सरासरी ही येथें थोडी फसवी आहे. कांहीं फोनॉन पंचवीस-पन्नास नॅनोमीटरांतच अडखळतात, तर कांहीं हजार नॅनोमीटरांच्याहि पलीकडे बिनहरकत जातात, आणि उष्णतेचा मोठा वांटा हे लांब पल्ल्याचे धांवपटूच वाहून नेतात.

आतां अडचणीचें मूळ उघड होतें. फूरिये यांच्या नियमामागें अशी कल्पना आहे, कीं उष्णतेच्या वाहकांना वाटेंत असंख्य टकरी खाव्या लागतात, आणि गर्दींतून वाट काढणाऱ्या माणसाप्रमाणें ते रखडत पुढें सरकतात. दीड फुटाच्या भिंतींत, किंबहुना पतंगाच्या कागदांतहि, ही कल्पना तंतोतंत लागू पडते. पण श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी, कीं एखादा मुलगा मोठ्या मैदानांत डोळे मिटून धांवत आहे. तेथें त्याची टक्कर झाली, तर ती इतर मुलांशीं होईल. मैदानाच्या कुंपणाचा प्रश्न क्वचितच येईल. त्याच मुलाला शनिवार पेठेंतील एखाद्या अरुंद बोळांत धांवावयास लावलें, तर दुसरें कोणी वाटेंत नसतांहि तो दर दोन पावलांस भिंतीवर आपटेल. थराची जाडी फोनॉनच्या मुक्त धांवेपेक्षां कमी झाली, कीं त्याची अवस्था बोळांतल्या मुलासारखी होते. खडबडीत कडेवर आपटून तो भलत्याच दिशेस फेंकला जातो, आणि त्याची लांब धांव कामीं येत नाहीं.

ही गोष्ट प्रथम लक्षांत आली, ती संगणकाच्या संबंधांत मुळींच नव्हे. हॉलंडमध्यें अतिशीत उष्णतामानास स्फटिकांवर प्रयोग चालले असतां, एकाच पदार्थाच्या जाड आणि बारीक कांड्यांची वाहकता निरनिराळी भरूं लागली. अतिशीत स्थितींत फोनॉन एकमेकांशीं फारसे आपटत नाहींत, त्यामुळें त्यांची धांव मिलिमीटरांपर्यंत लांबते आणि कांडीच्या कडाच त्यांना अडवूं लागतात. हेंड्रिक कॅझिमिर यांनीं १९३८ सालीं याचें गणित दिलें. तेव्हां ती प्रयोगशाळेंतील एक विलक्षण गोष्ट होती. पुढें यंत्रांचे भागच इतके लहान झाले, कीं जें अतिशीत प्रयोगांत मिलिमीटरांवर दिसत होतें, तें नेहमींच्या उष्णतामानास नॅनोमीटरांवर दिसूं लागलें. वीस नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन थराची वाहकता मोजली गेली, ती १५० च्या ऐवजीं बावीसच्या आसपास भरली. म्हणजे मूळच्या सातव्या हिश्श्याइतकी. पदार्थ तोच, शुद्धता तीच. केवळ पातळपणामुळें त्याचा स्वभाव पालटला.

थराच्या लांबीच्या दिशेनें उष्णता जात असतां असें होतें. ती थर ओलांडून आरपार जात असेल, तर आणखी एक नवल घडतें. फूरिये यांच्या हिशेबाप्रमाणें थर पातळ करीत गेल्यास ओघ अमर्याद वाढत जावयास पाहिजे. परंतु थर फोनॉनच्या धांवेहून पुष्कळच पातळ झाला, म्हणजे फोनॉन एका बाजूनें निघतो आणि वाटेंत कोठेंहि न अडतां थेट दुसऱ्या बाजूस जाऊन पोंचतो. यानंतर थर आणखी पातळ करून कांहीं लाभ नाहीं; ओघाला एक कमाल मर्यादा येते. ही स्थिति कशासारखी आहे? ती शेकोटीच्या धगीसारखी आहे. एका भिंतीपासून किरण निघावे आणि मधल्या पोकळींतून दुसऱ्या भिंतीवर पडावे, तसे फोनॉन जातात. म्हणजे घन पदार्थाच्या आंत चालणारें वहन अतिसूक्ष्म अंतरावर प्रारणाचें रूप धारण करतें. शाळेंत ज्या दोन रीती पृथक् म्हणून शिकविल्या जातात, त्यांच्यामधील सीमारेषा येथें पुसट होते.

या कल्पनेला रीतसर समीकरणाचें रूप १९९३ सालीं अरुण मजुमदार यांनीं दिलें. मुंबईजवळ पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंतून १९८५ सालीं यंत्रशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि तेथें सूक्ष्म वस्तूंतील उष्णतेचा अभ्यास हेंच त्यांचें क्षेत्र झालें. प्रकाशकिरण धुक्यांतून जातांना कसे विखुरतात, याचें गणित खगोलशास्त्रज्ञांनीं फार पूर्वींच सिद्ध करून ठेवलें होतें. मजुमदार यांनीं तेंच फोनॉनांना लागू केलें. थर जाड असेल, तर त्या समीकरणांतून फूरिये यांचा जुना नियम आपोआप बाहेर पडतो. थर पातळ असेल, तर प्रारणाचा नियम बाहेर पडतो. पुढें २००३ सालीं त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिलिकॉनच्या केसाहून हजारोंपट बारीक तारांची वाहकता प्रत्यक्ष मोजली, आणि तार जितकी बारीक तितकी तिची वाहकता कमी, हें प्रयोगानें दाखविलें.

एवढ्यानें उष्णतेच्या अडचणी संपत नाहींत. चिप हें एकाच पदार्थाचें बनलेलें नसतें. सिलिकॉन, त्यावर कांचेसारखा ऑक्साइडचा थर, त्यावर धातु, त्यावर पुन्हां ऑक्साइड, अशी ती थरांची उतरंड असते. जेथें दोन पदार्थ भेटतात, तेथें उष्णतेला सांधा ओलांडावा लागतो. दोन्ही पदार्थांचे अणु निराळ्या वजनाचे आणि निराळ्या ताठरपणाचे. त्यामुळें एकाकडून आलेला कंप दुसऱ्याला पुरता मानवत नाहीं, आणि त्याचा कांहीं भाग परत फिरतो. मॉस्को येथें प्योत्र कपित्सा यांनीं १९४१ सालीं तांबें आणि द्रवरूप हेलियम यांच्या सांध्यावर उष्णतामान एकदम तुटल्यासारखें उतरतें, असें दाखविलें. घराच्या भिंतींत असा सांधा हिशेबांत धरण्याचें कारण नसतें. परंतु चिपेंतील एका साधारण चांगल्या सांध्याचा अडथळा हजार-दीड हजार नॅनोमीटर सिलिकॉनच्या अडथळ्याइतका भरतो. ज्या इमारतींत भिंती दहा नॅनोमीटरांच्या, तींत दार ओलांडणें हें भिंत ओलांडण्याहून शंभरपटींनीं कठीण होऊन बसतें.

मग हें सर्व इतकें जाचतें कां? त्याचें कारण ट्रान्झिस्टरच्या इतिहासांत आहे. पहिला ट्रान्झिस्टर अमेरिकेंत १९४७ च्या डिसेंबरांत तयार झाला. १९७१ सालीं बाजारांत आलेल्या पहिल्या एका चिपेवरील संगणकयंत्रांत सुमारें २३०० ट्रान्झिस्टर होते. आज तेवढ्याच आकाराच्या जागेंत त्यांची संख्या अब्जांनीं मोजतात. प्रत्येक ट्रान्झिस्टर उघडतां-मिटतांना थोडी वीज खर्च करतो, आणि त्या विजेची अखेर उष्णताच होते. विजेच्या शेगडीची हजार वॅटची तबकडी अडीचशें चौरस सेंटिमीटरांची धरली, तर दर चौरस सेंटिमीटरास चार वॅट उष्णता निघते. संगणकाच्या जोरकस चिपेंतून तेवढ्याच जागेंतून शंभर वॅटपर्यंत उष्णता निघूं शकते. शेगडीवर भाजी शिजते. चिपेला मात्र शंभर अंशांच्या आंत राहून अचूक गणित करावयाचें असतें.

त्यांतहि ही उष्णता सबंध चिपेवर सारखी पसरलेली नसते. ती कांहीं बिंदूंवर एकवटते. जाड बुडाच्या पातेल्यांत दूध सहसा करपत नाहीं, कारण ज्वाळेची धग जाड बुडांतून आडवी पसरते. पातळ बुडाच्या पातेल्यांत ती जागच्या जागीं राहते आणि दूध तळास लागतें. ट्रान्झिस्टरचा पातळ थर हें असें पातळ बुडाचें पातेलें आहे. खालीं ऑक्साइडचा थर असेल, तर त्याची वाहकता सिलिकॉनच्या शंभराव्या हिश्श्याइतकीच. म्हणजे खालची वाटहि जवळजवळ बंद. आंतील बिंदु तापला, कीं त्यांतून नको असलेली वीज अधिक झिरपते. त्या झिरपण्यानें आणखी उष्णता होते. आणि धातूच्या बारीक तारा लवकर झिजूं लागतात. २००४ च्या सुमारास संगणकांच्या चिपांचा वेग वर्षानुवर्षें वाढत होता तो थबकला, त्याचें एक मुख्य कारण हेंच. तेव्हांपासून एकच मेंदु अधिकाधिक वेगवान् करण्याऐवजीं एका चिपेवर अनेक मेंदु बसविण्याचा मार्ग कारखानदारांनीं धरला. हातांतील टेलिफोन उन्हांत तापला, कीं तो आपण होऊन मंदावतो, तेंहि आंतील बिंदु जळूं नयेत म्हणूनच.

या संकटांतून सोडविणारा एखादा पदार्थ सांपडेल काय, असा शोध सुरू झाला, तेव्हां दृष्टि ग्राफीनकडे गेली. पेन्सिलींतील शिसें म्हणून जें ओळखलें जातें, त्या ग्राफाइटचा केवळ एका अणूच्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर येथें आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनीं २००४ सालीं चिकटपट्टीनें सोलून तो वेगळा केला, आणि २०१० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. २००८ सालीं कॅलिफोर्नियांत अलेक्झांडर बालांदिन यांनीं अधांतरीं ताणलेल्या ग्राफीनची वाहकता मोजली, ती तांब्याच्या आठ-दहापटींहूनहि अधिक भरली. नंतरच्या कांहीं मापनांत आंकडा थोडा उतरला, तरी तांबें पुष्कळ मागेंच राहिलें. पातळपणानें वाहकता घटते, हा नुकताच सांगितलेला नियम येथें मोडला काय? मोडला नाहीं. सिलिकॉनच्या थराला वरचा आणि खालचा असे खडबडीत पृष्ठभाग असतात, त्यांवर फोनॉन आपटतो. ग्राफीनमध्यें वरखालीं असें कांहीं उरलेंच नाहीं. पापुद्रा हाच सर्व पदार्थ आहे. परंतु हाच पापुद्रा ऑक्साइडच्या थरावर टेंकवला, कीं त्याचे कंप खालच्या आधाराला घांसतात आणि वाहकता ६०० च्या आसपास उतरते, असें २०१० मधील मापनांत आढळलें. चर्मवाद्यावर तळहात ठेवला, म्हणजे जसा नाद बसतो, तसाच हा प्रकार.

आतां असा प्रश्न येतो, कीं एका अणूच्या जाडीच्या पापुद्र्याचें उष्णतामान मोजावयाचें कसें? पाऱ्याची नळी त्याला लावणें म्हणजे मुंगीच्या अंगाचा ताप पाहण्यास हत्तीचा पाय टेंकविण्यासारखें. या ठिकाणीं भारतीय शोधाचा उपयोग होतो. कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस्. कृष्णन् यांनीं १९२८ च्या फेब्रुवारींत असें दाखविलें, कीं पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा अंश आपला रंग किंचित् बदलतो, आणि तो बदल पदार्थांतील कंपांच्या सुराइतका असतो. म्हणजे रामन परिणामानें अणूंचा सूर ऐकतां येतो. उन्हांत ठेवलेल्या तंबोऱ्याची तार सैल होऊन सुरांत उतरते, हें गवयांना ठाऊक आहे. पापुद्रा तापला, कीं त्याच्या अणूंचे बंधहि किंचित् सैल होतात आणि त्यांचा सूर उतरतो. तो किती उतरला हें पाहिलें, कीं पापुद्रा किती तापला हें कळतें. लेसरचा बारीक किरण एकाच वेळीं पापुद्र्याला तापवितो आणि त्याचा सूरहि ऐकवितो. तोच विस्तव, तोच उष्णतामापक.

मात्र कोणत्याहि उष्णतामापकावर आधीं खुणा आंखाव्या लागतात. एक अंश उष्णतामान वाढल्यास सूर नेमका किती उतरतो, हें प्रत्येक पदार्थासाठीं निराळें पडताळून घ्यावें लागतें. हें काम पुण्यांतच झालेलें आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत दत्तात्रय लाटे यांनीं मॉलिब्डेनम आणि टंग्स्टन यांचीं सेलेनियमशीं होणारीं संयुगें घेऊन, त्यांच्या एका थराच्या व मोजक्या थरांच्या पापुद्र्यांचा सूर उष्णतामानाबरोबर कसा सरकतो, याचें मापन केलें; तें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांतील संदेश जाडकर व त्यांचे सहकारी यांच्यासह २०१६ सालीं याच जातीच्या मोठ्या क्षेत्रफळाच्या पापुद्र्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. बंगलोर येथें उमेश वाघमारे यांनीं अशा पदार्थांतील फोनॉनांचें सैद्धांतिक गणित केलें आहे. या कुळांतील मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा पदार्थ उद्यांच्या ट्रान्झिस्टरांसाठीं आशास्थान मानला जातो, कारण एका नॅनोमीटरहूनहि कमी जाडींत तो विजेचें बटण म्हणून काम देतो. परंतु त्याच्या एकेरी थराची वाहकता परदेशांतील २०१४ च्या मापनांत पस्तीसच्या आसपास, म्हणजे तांब्याच्या दहाव्या हिश्श्याहूनहि कमी, भरली. म्हणून असें बटण वापरण्यापूर्वीं त्याची उष्णता कोणत्या वाटेनें बाहेर काढावयाची, याचा विचार आधींच करावा लागतो.

प्रत्येक अडचणीला दुसरी बाजू असते. उष्णतेला अडवणारा, पण विजेला न अडवणारा पदार्थ हा एका निराळ्या कारणासाठीं फार मोलाचा आहे. अशा पदार्थाचें एक टोंक तापवलें आणि दुसरें गार ठेवलें, तर त्यांत सरळ वीज उत्पन्न होते. सामान्य पदार्थांत वीज चांगली वाहूं दिली, कीं उष्णताहि वाहून जाते आणि दोन्ही टोंकें सारखीं होतात. परंतु इलेक्ट्रॉनची मुक्त धांव फोनॉनच्या मानानें आंखूड असते. म्हणून तारेची जाडी अशी निवडावी, कीं लांब धांवणारा फोनॉन कडांवर आपटावा आणि इलेक्ट्रॉन मात्र मधून निसटावा. २००८ सालीं बर्कले येथें मजुमदार व त्यांचे सहकारी यांनीं मुद्दाम खडबडीत केलेल्या, पन्नासएक नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन तारांची वाहकता सुमारें शंभरपटींनीं खालीं आणून दाखविली. जी गोष्ट चिपेच्या कारखानदाराला शाप वाटते, तीच कारखान्यांच्या धुरांड्यांतून वायां जाणारी उष्णता विजेच्या रूपानें परत मिळविण्याची आशा दाखविते.

परंतु ती आशा फळास येईपर्यंत मोठ्या संगणकांना पाण्याचाच आश्रय घ्यावा लागतो. १९९१ सालीं पुण्यांतच परम ८००० हा भारतीय महासंगणक तयार झाला. २०१९ सालीं पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत परम ब्रह्म नांवाचा महासंगणक बसविण्यांत आला. त्याची शक्ति तेव्हां दर सेकंदास ७९७ लाख कोटी गणितें करण्याची होती, आणि त्याच्या चिपांना भिडून पाणी खेळवून त्यांची उष्णता काढून नेण्याची योजना त्यांत केलेली होती. नळांतून पाणी खेळवणें ही मोठ्या मापाची आणि सुटण्यासारखी गोष्ट आहे. खरी चुरस त्यापूर्वींची आहे: अब्जांश मीटरांच्या बिंदूंत उपजलेली उष्णता सांधे ओलांडून त्या पाण्यापर्यंत पोंचावी कशी?

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाहीं. मुळशीच्या धरणाचें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथें उतरवून १९२७ पासून मुंबईला वीज पुरविण्यांत आली. त्या धरणासाठीं मावळांतील गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला. वीज कोठून तरी आणि कोणाच्या तरी किंमतीवर येते, हें मुळशीला सांगावें लागत नाहीं. संगणकांत शिरलेली सर्व वीज अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती उष्णता हटविण्यासाठीं पुन्हां निराळी वीज खर्चावी लागते. सिलिकॉनच्या दहा नॅनोमीटर पापुद्र्यांतून एक फोनॉन किती अंतर सरळ धांवतो, या वरकरणी क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या दुसऱ्या खर्चाचा आंकडा कांहीं अंशीं तरी अवलंबून आहे.